सोर्स आहे, कंपायलर नाही : एटी८९एस५२ च्या एका कार्डाचं एसडीसीसीवर स्थलांतर

परिस्थिती

शीतखोलीचं तापमान सांभाळणारं कार्ड. मधोमध ४० पायांची एटी८९एस५२ ही ८०५१ कुळातली मायक्रोकंट्रोलर चिप, शेजारी ११.०५९२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल, सोळा बाय दोनचा एलसीडी, डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, सेटिंग जपायला २४सी०२ ईईप्रॉम, कॉम्प्रेसरच्या कॉन्टॅक्टरसाठी एक रिले आणि ९६०० बॉडवर बोलणारा सिरियल पोर्ट. कार्डं वर्षानुवर्षं विनातक्रार चालू आहेत. हवा आहे तो एकच बदल : कॉम्प्रेसर बंद झाला की, किंवा वीज जाऊन परत आली की, तीन मिनिटं तो पुन्हा सुरू होता कामा नये. दाब उतरायच्या आत कॉम्प्रेसर सुरू केला तर मोटर अडकते आणि वाइंडिंग जळतं, त्यामुळे मागणी रास्त आहे.

सोर्स हाताशी आहे : सहा सी फाइली आणि एक छोटी असेंब्ली फाइल. तो लिहिला होता कील सी५१ या विकतच्या कंपायलरसाठी, म्हणजे सी भाषेचं चिपच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामसाठी. परवाना ज्या संगणकाशी बांधलेला होता, तो संगणक बंद पडला. कीलची मूल्यमापन प्रत २ केबीपेक्षा मोठा कोड लिंक करत नाही आणि या कार्डाचा कोड जवळपास ६ केबी आहे. नवी चिप घेऊन नवं कार्ड बनवायचं, तर पेटीतली वायरिंग, डिस्प्लेची खाच, ट्रान्सफॉर्मर अशी सगळीच फेररचना आली. बेसमधली आयसी उपसून नवी बसवायची एवढंच काम जागेवर परवडतं. एटी८९एस५२ आजही पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते, म्हणजे अडचण आयसीची नाही, साधनांची आहे. त्यावरचा उपाय म्हणजे एसडीसीसी हा मुक्त सी कंपायलर.

(आज्ञा, फाइलींची नावं आणि हेक्स आकडे इथे उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. टंकताना ते रोमन लिपीतच टंकायचे.)

कोणत्या चिपसाठी काय उपलब्ध आहे

जुना मायक्रोकंट्रोलर म्हटला की पहिला प्रश्न त्याच्या कुळाचा. जुना एव्हीआर असेल तर चिंता नाही. जीसीसी या मुक्त कंपायलरचा एव्हीआर पोर्ट (त्या कुळासाठीची आवृत्ती) भक्कम आहे आणि एटी९०एस८५१५ सारख्या जुन्या चिपाही त्यात चालतात. एटी९०एस१२०० मात्र फक्त असेंब्लीत, कारण तिच्यात स्टॅकला लागणारी रॅमच नाही. एमएसपी४३० आणि एच८ यांनाही जीसीसी आहे. एसटीएम८ आणि झेड८० यांना एसडीसीसी आहे, ६५०२ ला सीसी६५. मोटोरोलाच्या ६८एचसी११ चा पोर्ट जीसीसीने ४.७ या आवृत्तीत काढून टाकला, तेव्हा तिथे जुनी आवृत्ती जपून ठेवावी लागते. पीआयसी१६ साठी एसडीसीसीत पोर्ट आहे, पण त्याची देखभाल थांबलेली आहे आणि मायक्रोचिपच्या हेडर फाइली मुक्त परवान्यात बसत नाहीत, म्हणून त्या वेगळा पर्याय देऊनच वापराव्या लागतात. पीआयसीच्या असेंब्लीसाठी मात्र जीपीयूटिल्समधला जीपॅझम चांगला आहे.

आपल्या चिपच्या कुळासाठी, म्हणजे ८०५१ साठी, मुख्य प्रवाहातल्या जीसीसीत पोर्ट नाही. त्याचं कारण या चिपच्या रचनेतच आहे. एकच ॲक्युम्युलेटर, १२८ बाइटांची थेट पत्त्याची रॅम, त्यावरची १२८ बाइट फक्त पॉइंटरने गाठता येणारी, बाहेरची रॅम वेगळ्या सूचनेने, कोडमधला डेटा आणखी वेगळ्या सूचनेने. सपाट मेमरी गृहीत धरणाऱ्या कंपायलरला हे पचत नाही. एसडीसीसी अशाच छोट्या चिपांसाठी जन्माला आला. संदीप दत्ता यांनी तो सुरू केला आणि एमसीएस-५१, म्हणजे ८०५१ चं कुळ, हे त्याचं जुनं, पिकलेलं लक्ष्य आहे. कंपायलरसोबत असेंब्लर, लिंकर, लायब्ररी आणि यूसीसिम नावाचा सिम्युलेटरही येतो.

परवान्याबद्दल उद्योजकांना हमखास शंका असते. कंपायलर जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, पण कार्डाच्या कोडात मिसळणाऱ्या लायब्ररीला लिंकिंगची सूट दिलेली आहे. आपला सोर्स खुला करावा लागत नाही.

पहिलं काम : आहे ते जपणं

जुन्या चालू कार्डातली आयसी प्रोग्रामरवर (चिपमध्ये कोड भरणाऱ्या यंत्रावर) चढवून हेक्स, म्हणजे आतल्या कोडाची फाइल, वाचून घ्या. वाचन रोखणारे लॉक बिट लावलेले असतील तर वाचता येणार नाही. मग जुन्या बॅकअपमधली हेक्स फाइल शोधायची. त्याहून महत्त्वाची आहे ती ईईप्रॉम : किमान तीन वेगवेगळ्या कार्डांतल्या २४सी०२ चे २५६ बाइट वाचून फाइलीत ठेवा आणि त्या-त्या कार्डाच्या पडद्यावर दिसणारी सेटिंग शेजारी लिहा. याचा उपयोग पुढे कळेल.

डेबियन किंवा उबुंटूवर दोन पॅकेज लागतात : एसडीसीसी आणि एसडीसीसी-यूसीसिम. विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर मिळतो. जी आवृत्ती घ्याल तिचा इन्स्टॉलर आणि सोर्स या दोन्हींची प्रत प्रकल्पाच्या फोल्डरात ठेवा, कारण या प्रकल्पात आवृत्तीगणिक कीवर्ड आणि लायब्ररीची वागणूक बदललेली आहे. आज कंपायलर हरवल्यामुळे जे काम काढावं लागलं, ते पुन्हा निघू नये.

भाषेतले फरक

हा भाग कंटाळवाणा आहे पण निर्धोक, कारण चूक झाली तर कंपायलर ओरडतो. कीलचे खास शब्द एसडीसीसीत दोन अंडरस्कोअर लावून येतात : __डेटा, __आयडेटा, __कोड, __बिट, __इंटरप्ट, __यूझिंग. पोर्टचा बिट कीलमध्ये «पी१^०» असा लिहितात. एसडीसीसीत ते चिन्ह साध्या सीप्रमाणे एक्सऑर ठरतं, म्हणून __एसबिट __ॲट असं लिहून बिटचा पत्ता द्यायचा. पी१.० चा पत्ता हेक्स ९०, पी२.० चा हेक्स ए०, पी३.० चा हेक्स बी०, पुढचे बिट एकेकाने वाढत जातात. रेग५२ या हेडरच्या जागी एटी८९एक्स५२ घ्या. त्यात पोर्टच्या बिटांना पी१_० अशी नावं आधीच दिलेली आहेत. नोपसाठीचं (काहीच न करता एक सायकल घालवणाऱ्या सूचनेसाठीचं) कीलचं अंगभूत फंक्शन नाही. त्याऐवजी असेंब्लीची एक ओळ लिहायची.

दोन ठिकाणी नुसतं शोधा-बदला पुरत नाही. पहिलं, बीडेटा. जुन्या कोडात एका बाइटचे आठ बिट वेगळ्या नावांनी वापरले होते आणि तोच बाइट अख्खा सिरियलवर पाठवला जायचा. एसडीसीसीत बीडेटा नाही. प्रत्येक ध्वज स्वतंत्र __बिट करावा आणि पाठवायच्या क्षणी बाइट जुळवावा. दुसरं, असेंब्ली फाइल. पत्ते आणि आकडे लिहायची पद्धत वेगळी आहे, सी फंक्शनच्या नावाआधी एक अंडरस्कोअर लागतो, आणि मुख्य म्हणजे आकडा पोचतो वेगळ्या रजिस्टरात. कील पहिला बाइट आर७ मध्ये देतो, एसडीसीसी तो डीपीएलमध्ये देतो. दोन बाइटांचा आकडा डीपीएल आणि डीपीएचमध्ये येतो, परत येणारं उत्तरही तिथेच. जुनी असेंब्ली तशीच ठेवली तर ती असेंबल होईलही, पण आर७ मधला शिळा आकडा वापरेल.

फाइली एकेक कंपाइल करून शेवटी लिंक करायच्या. मेन ज्या फाइलीत आहे ती आज्ञेत सर्वांत आधी हवी. पर्याय हे द्या : --मॉडेल-स्मॉल, --आयरॅम-साइझ २५६, --कोड-साइझ ८१९२. शेवटचे दोन नसले तर आयसीत न मावणारा कोडही लिंकर मुकाट जोडून देतो.

रॅम पुरत नाही

पहिल्याच लिंकला लिंकर सांगतो की अंतर्गत रॅममध्ये डीसेगसाठी (थेट पत्त्याच्या चलांच्या भागासाठी) सलग इतके बाइट मिळाले नाहीत. तोच सोर्स, तीच चिप, कीलमध्ये मावत होतं. मग इथे का नाही?

८०५१ मध्ये स्टॅक (परतीचे पत्ते आणि तात्पुरते आकडे ठेवायची रॅम) तोकडा असल्याने दोन्ही कंपायलर फंक्शनच्या स्थानिक चलांना ठराविक पत्ते देतात. कीलचा लिंकर संपूर्ण प्रोग्रामचं कोण-कोणाला-बोलावतो हे झाड पाहतो आणि जी दोन फंक्शनं एकाच वेळी चालूच शकत नाहीत त्यांची चलं एकाच जागेवर बसवतो. एसडीसीसी ही काटकसर फक्त अशा फंक्शनांसाठी करतो, जी स्वतः दुसऱ्या कोणाला बोलावत नाहीत. बाकी प्रत्येकाची चलं कायमची जागा अडवतात.

या कार्डाचा हिशेब असा. थेट पत्त्याच्या १२८ बाइटांतून रजिस्टरांचे दोन संच १६ बाइट घेतात, उरतात ११२. त्यातून एलसीडीचा बफर ३२, सिरियलचा बफर २४, शेवटच्या आठ तापमानांची नोंद १६, मिळून ७२ गेले. ध्वज, काउंटर, सगळ्या फंक्शनांची चलं यांना ४० बाइट. तेवढ्यात भागत नाही.

उपाय सरळ आहे : हे तिन्ही बफर __आयडेटा करा. एटी८९एस५२ मध्ये हेक्स ८० पासून एफएफ पर्यंत आणखी १२८ बाइट आहेत आणि ते पॉइंटरनेच वापरता येतात. ॲरे तसाही इंडेक्सनेच वाचला जातो, म्हणून वेगात फारसा फरक पडत नाही. वरच्या भागात मग ५६ बाइट उरतात, ते स्टॅकला. पडद्यावरचे मजकूर __कोडमध्ये आहेत ना ते तपासा. मजकूर घेणाऱ्या फंक्शनचा पॉइंटरही __कोडचा करा. तसा केला नाही तर तो तीन बाइटांचा सर्वसाधारण पॉइंटर होतो आणि प्रत्येक अक्षर वाचताना लायब्ररीचं एक फंक्शन बोलावलं जातं.

इथे एक सापळा आहे. --मॉडेल-लार्ज दिलं की लिंकरची तक्रार एका क्षणात मिटते, कारण सगळी चलं बाहेरच्या रॅममध्ये जातात. या कार्डावर बाहेरची रॅमच नाही. चलं लिहिली जातात ती हवेत, वाचली जाते ती पोर्ट ० वर त्या क्षणी असलेली पातळी. शिवाय प्रत्येक वेळी पोर्ट २ वर पत्त्याचे बिट उमटतात आणि पी३.६, पी३.७ वर रीड-राइटचे ठोके पडतात. त्या पायांना एलसीडी जोडलेला असेल तर पडद्यावर काहीही दिसतं. कोड स्वच्छ कंपाइल झाला म्हणून लोक सोल्डरिंग तपासत बसतात. हा पर्याय या कार्डासाठी नाही, एवढं लक्षात ठेवलं की एक अख्खा दिवस वाचतो.

लिंक झाल्यावर डॉट-मेम फाइल उघडा. स्टॅक कुठून सुरू होतो आणि त्याला किती बाइट आहेत ते तिथे लिहिलेलं असतं. प्रत्येक कॉल दोन बाइट खातो. इंटरप्ट (चालू काम थांबवून चिपला ठराविक फंक्शनकडे नेणारा इशारा) आला की परतीचा पत्ता आणि पाच रजिस्टरं मिळून सात, वेगळा रजिस्टर संच दिला नसेल तर आणखी आठ. इंटरप्टच्या आतून कुठलं फंक्शन बोलावलं तर त्याहून जास्त. या कार्डाला ३२ पेक्षा कमी बाइट उरत असतील तर पुढे जाऊ नये. स्टॅक ओसंडला तर चूक दिसते ती भलत्याच ठिकाणी.

स्वागताचा मजकूर दोनदा येतो आणि घड्याळ थांबतं

कोड आयसीत गेला, पडद्यावर स्वागत आलं, क्षणात पुन्हा आलं, आणि मग सगळं चालू असूनही वेळ सरकेना. ही खूण एका ठराविक चुकीची आहे.

इंटरप्ट फंक्शन कोणत्याही फाइलीत असू शकतं, पण त्याचा प्रोटोटाइप मेन ज्या फाइलीत आहे तिथे दिसलाच पाहिजे, कारण व्हेक्टर टेबल, म्हणजे कोणत्या इंटरप्टला कुठे उडी मारायची याचा तक्ता, त्या फाइलीसोबत तयार होतं. कीलमध्ये ही अट नाही. तिथे प्रत्येक फाइल आपापला व्हेक्टर टाकते, म्हणून जुन्या सोर्समध्ये प्रोटोटाइप कुठेच नव्हता. एसडीसीसीने चूक दाखवली नाही, टेबलच बनवलं नाही, आणि त्या जागी सुरुवातीचा साधा कोड बसवला. टायमर ० चा इंटरप्ट आला की चिप हेक्स ०००बी या पत्त्यावर उडी मारते. ती पडली सुरुवातीच्या कोडात, म्हणून मेन पुन्हा चालू झालं आणि स्वागत दुसऱ्यांदा दिसलं. पण रेटी ही इंटरप्ट संपल्याची सूचना कधीच चालली नाही, त्यामुळे चिपच्या दृष्टीने पहिला इंटरप्ट अजून संपलेलाच नाही. त्याच प्राधान्याचा पुढचा इंटरप्ट ती घेतच नाही. घड्याळ थांबलं ते यामुळे. कोड कुठे कसा बसला आहे त्यावर खुणा थोड्या बदलतात, मूळ तेच.

उपाय : सगळ्या इंटरप्ट फंक्शनांचे प्रोटोटाइप, __इंटरप्ट आणि __यूझिंग यांच्यासह, एका हेडरमध्ये लिहून ते मेनच्या फाइलीत घ्या. तपासणीसाठी हेक्स फाइलीत पत्ता ०००बी पाहा. तिथे ०२ असेल तर ती लाँग जंपची सूचना आहे, टेबल बरोबर. सिरियलसाठी पत्ता ००२३. कोणत्याही क्रमांकाच्या इंटरप्टचा पत्ता म्हणजे क्रमांक गुणिले आठ, अधिक तीन. आयसी बर्न करण्याआधी हे दोन बाइट पाहण्याची सवय लावा.

तापमान उणे १७७५

घड्याळ चालू झालं. आता २५ अंशांच्या खोलीत पडदा उणे १७७५.९ दाखवतो. सेन्सर ठीक आहे.

डीएस१८बी२० तापमान दोन बाइटांत देतो, एका एककाला ०.०६२५ अंश. २५.०६२५ अंश म्हणजे हेक्स ०१९१. जुन्या कोडात हे दोन बाइट एका युनियनमध्ये भरून पूर्णांक म्हणून वाचले जात. कील मोठा बाइट आधी ठेवतो, एसडीसीसी छोटा बाइट आधी. त्यामुळे ०१९१ चं ९१०१ झालं, म्हणजे उणे २८४१५. त्याला १६ ने भागलं की पडद्यावरचा आकडा मिळतो.

सेन्सरची चूक दिसते तरी. ईईप्रॉममधली दिसत नाही, आणि ती जास्त घातक आहे. जुन्या फर्मवेअरने सेटिंग दशांशाच्या एककात, मोठा बाइट आधी अशी लिहून ठेवली आहे. उणे २.० अंश म्हणजे उणे २०, म्हणजे एफएफ ईसी. नवं फर्मवेअर तेच उलट वाचतं : ईसीएफएफ, म्हणजे उणे ४८६.५ अंश. अर्ध्या अंशाचा फरक ०००५ ऐवजी ०५०० वाचला जातो, म्हणजे १२८ अंश. अशी आयसी चालू शीतखोलीत बसवली तर कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेणार नाही आणि आतला माल गोठेल. बाकावर नव्या, कोऱ्या ईईप्रॉमवर चाचणी केली तर ही चूक सापडतच नाही, कारण तिथे लिहिणाराही नवा आणि वाचणाराही नवा. सुरुवातीला वाचून ठेवलेल्या तीन कार्डांच्या फाइली इथे कामाला येतात. त्या नव्या ईईप्रॉममध्ये भरून पडद्यावरची सेटिंग जुन्या नोंदीशी ताडून पाहायची.

युनियन आणि पॉइंटरच्या साऱ्या युक्त्या काढून टाका. वाचताना पहिला बाइट आठ घरं डावीकडे सरकवून त्यात दुसरा मिळवा, लिहिताना उलट. साठवणीचा क्रम जुनाच ठेवा. म्हणजे गरज पडली तर जुनी आयसी परत बसवता येते. वाचलेली सेटिंग शक्यतेच्या मर्यादेत आहे का, समजा उणे ३० ते ३० अंश, हे तपासणारी एक अटही घाला. मर्यादेबाहेर असेल तर रिले बंद आणि पडद्यावर चूक.

कॅर कोणत्या चिन्हाचा

कीलमध्ये साधा कॅर (एका बाइटचं चल) साइन्ड, म्हणजे उणे आकडेही धरणारा असतो, एसडीसीसीत अनसाइन्ड. सेन्सरची दुरुस्ती उणे ३ असेल तर ती २५३ होते. आठ बिट वाचणारा लूप सात पासून शून्यापर्यंत उतरतो आणि «शून्य किंवा जास्त» ही अट कायम खरी राहते, म्हणजे लूप संपतच नाही. कंपायलर अशा तुलनेबद्दल इशारा देतो. तो वाचायला हवा. --एफसाइन्ड-कॅर हा पर्याय जुनी वागणूक परत आणतो आणि पहिल्या दिवशी तो वापरायला हरकत नाही. कायमचा मार्ग म्हणजे जिथे आकडा आहे तिथे इंट८_टी किंवा यूइंट८_टी लिहिणं आणि कॅर फक्त अक्षरांसाठी ठेवणं.

प्रिंटएफने दशांश छापायचा प्रयत्न केला तर सिरियलवर «नो फ्लोट» अशी अक्षरं येतात, कारण नेहमीच्या लायब्ररीत ती सोय वगळलेली आहे. ती चालू करण्याऐवजी कच्च्या आकड्याला १० ने गुणून १६ ने भागा. १२५ अंशांनाही गुणाकार २०,००० होतो, १६ बिटांत मावतो. एक काळजी घ्यायची : शून्य आणि उणे एक यांच्या मध्ये पूर्णांक भाग शून्य येतो आणि वजाचं चिन्ह हरवतं. उणे ०.५ ऐवजी ०.५ दिसतं. शीतखोली नेमकी याच पट्ट्यात राहते, म्हणून चिन्ह आधी वेगळं काढून मगच आकडा छापावा.

सेन्सर मधूनच सापडत नाही

डीएस१८बी२० एका तारेवर बोलतो आणि त्याच्या वेळा काटेकोर आहेत. रीसेटसाठी तार किमान ४८० मायक्रोसेकंद खाली धरायची. वाचताना तार क्षणभर खाली ओढून सोडायची आणि ओढल्यापासून १५ मायक्रोसेकंदांच्या आत पाहायची. या क्रिस्टलवर एक मशीन सायकल १.०८५ मायक्रोसेकंदांची, म्हणजे हाताशी १३ सायकल. त्यात फंक्शनला बोलावणं दोन सायकल, परतणं दोन, आकडा भरणं एक.

जुन्या कोडातले विलंब सीच्या रिकाम्या लूपने साधलेले होते आणि त्यांचे आकडे कीलने बनवलेल्या सूचनांवर जुळवलेले होते. नव्या कंपायलरने दुसऱ्या सूचना काढल्या की सगळी वेळापत्रकं सरकतात. हे आकडे चाचपडत पुन्हा जुळवत बसू नका. पुढची आवृत्ती ते परत बिघडवेल. विलंब असेंब्लीत लिहा. डीजेएनझेड ही सूचना दोन सायकल घेते, म्हणजे २.१७ मायक्रोसेकंद. आर७ मध्ये २३० भरून ती फिरवली की ४९९ मायक्रोसेकंद होतात, रीसेटला पुरेसे. वाचनाच्या खाचेत (एक बिट वाचायच्या ठराविक अवधीत) फंक्शन बोलावूच नका, तिथेच चार-पाच नोप टाका.

तरीही कधीतरी वाचन चुकेल, कारण दर १० मिलिसेकंदांनी टायमरचा इंटरप्ट येतो आणि तो नेमका खाचेत पडू शकतो. एका बिटाची खाच __क्रिटिकल गटात, म्हणजे इंटरप्ट रोखून धरणाऱ्या भागात, बंद करा. इंटरप्ट ७० मायक्रोसेकंद थांबल्याने ९६०० बॉडच्या सिरियलला धक्का लागत नाही, तिथे एक बाइट यायला एक मिलिसेकंदाहून जास्त लागतो. अख्खं वाचन मात्र क्रिटिकलमध्ये घालू नये.

इंटरप्टमधला भागाकार

ही सर्वांत उशिरा सापडणारी चूक. पडद्यावरचा आकडा तासा-दोन तासांतून एकदा क्षणभर भलताच होतो. जुन्या टायमर इंटरप्टात आठ तापमानांची सरासरी काढली जायची आणि मेनमध्ये पडद्यासाठी दहाने भागाकार चालायचा. कीलची १६ बिटांच्या भागाकाराची रूटीन आकडे रजिस्टरांत घेते. एसडीसीसीच्या स्मॉल मॉडेलमध्ये भाजक एका ठराविक रॅमच्या जागेत ठेवला जातो. मेनने तिथे १० ठेवला, तेवढ्यात इंटरप्टने येऊन ८ ठेवला, आणि मेनचा भागाकार ८ ने झाला.

इंटरप्टातून गुणाकार, भागाकार, प्रिंटएफ सगळं बाहेर काढा. इंटरप्टाने फक्त मोजावं आणि ध्वज उभारावा. सरासरी मेनमध्ये काढा, आणि आठने भागायचंच असेल तर बेरीज अनसाइन्ड नाही ना हे पाहून मग भागा, नाहीतर उणे तापमानाला चूक येईल. इंटरप्टातून एखादं फंक्शन बोलावणं अटळ असेल तर त्याला तोच रजिस्टर संच __यूझिंगने द्या.

तीन मिनिटांची अट

ज्यासाठी हा खटाटोप, तो बदल दहा ओळींचा आहे. टायमर ० मध्ये हेक्स डीसी०० भरला की ९२१६ सायकलींनी, म्हणजे बरोबर १० मिलिसेकंदांनी, तो भरतो. तीन मिनिटं म्हणजे असे १८,००० ठोके, १६ बिटांच्या अनसाइन्ड चलात मावतात. रिले बंद होताच आणि चिप सुरू होताच हा आकडा भरायचा, इंटरप्टाने तो एकेक कमी करायचा, शून्य होईपर्यंत रिले लावायचा नाही. भारनियमनात वीज पाच-पाच मिनिटांनी ये-जा करते तिथे सुरुवातीलाच आकडा भरणं हाच खरा बचाव.

चल व्होलटाइल (दर वेळी रॅममधून नव्याने वाचलं जाणारं) हवं आणि मेनमधून ते __क्रिटिकलमध्येच वाचावं. आठ बिटांची चिप दोन बाइट दोन वेळा वाचते. आधी छोटा बाइट ०० वाचला, मध्ये इंटरप्टाने ०१०० चं ००एफएफ केलं, मग मोठा बाइट ०० वाचला, तर मेनला शून्य दिसतं आणि अडीच सेकंद आधी कॉम्प्रेसर सुरू होतो.

चाचणी आणि बर्निंग

एटी८९एस५२ च्या फ्लॅशला डेटाशीटप्रमाणे १०,००० वेळा पुसणं-लिहिणं झेपतं. ते पुरेसं आहे, पण प्रत्येक छोट्या बदलाला आयसी काढ-घाल केली तर आधी पाय मोडतात. यूसीसिम वापरा. जुन्या पॅकेजांत त्याच्या या चिपसाठीच्या प्रोग्रामचं नाव एस५१ आहे, नव्यांत यूसीसिम_५१. प्रकार ८०५२ आणि क्रिस्टलची वारंवारता सांगून हेक्स चढवली की व्हेक्टर, टायमरचे ठोके आणि सिरियलवरचा मजकूर संगणकावरच पाहता येतो. एका तारेच्या वेळा मात्र प्रत्यक्ष कार्डावरच तपासाव्यात.

एसडीसीसी डॉट-आयएचएक्स फाइल देतो. ती पॅकआयएचएक्समधून काढली की कोणत्याही प्रोग्रामरला चालणारी हेक्स मिळते. टीएल८६६ हा प्रोग्रामर असेल तर मिनीप्रो हे खुलं साधन पुरतं. आयसी सॉकेटमध्ये ठेवा, लिहा, पडताळा. यूएसबीएएसपी या छोट्या प्रोग्रामरने कार्डावरच बर्न करायचं असेल तर तो चालवणाऱ्या एव्हीआरड्यूडच्या अलीकडच्या आवृत्त्यांच्या यादीत एटी८९एस५२ आहे, पण रीसेटची दिशा उलटी असते. एव्हीआरला रीसेट खाली हवा, ८९एस५२ ला वर. प्रोग्रामरचं फर्मवेअर हे हाताळत नसेल तर मध्ये एक बीसी५४७ इन्व्हर्टर म्हणून लावा : प्रोग्रामरची रीसेट तार ४.७ किलोओहममधून बेसला, त्या तारेवर ५ व्होल्टकडे १० किलोओहमचा पुल-अप, कलेक्टर १ किलोओहमने ५ व्होल्टला आणि थेट ९ व्या पायाला, एमिटर जमिनीला. पुल-अप विसरलात तर प्रोग्रामरने तार सोडल्यावरही चिप रीसेटमध्येच राहते आणि बर्निंग फसलं असं वाटतं. मोझी (चिपकडे जाणारा डेटा) ६ व्या पायावर, मिसो (चिपकडून येणारा) ७ व्या, घड्याळ ८ व्या. घड्याळ क्रिस्टलच्या सोळाव्या भागापेक्षा कमी हवं, इथे ६९१ किलोहर्ट्‌झच्या खाली. ३१ वा पाय ५ व्होल्टलाच असला पाहिजे, नाहीतर चिप आतला कोड सोडून बाहेर शोधत राहते.

जागेवर आयसी बदलण्याआधी पडद्यावरची सेटिंग कागदावर उतरवा, कॉन्टॅक्टरची कॉइल सोडवून ठेवा, आयसी बदला, सेटिंग ताडा, सेन्सरची तार काढून चूक दिसते आणि रिले बंद होतो हे पाहा, तीन मिनिटं घड्याळ लावून मोजा आणि मगच कॉइल जोडा. जुनी आयसी कार्डाचा क्रमांक लिहून त्याच पेटीत चिकटवून ठेवा.